पाव सूर खाली

काकांनी प्रेमानं "चहा घे" म्हटलं, तरी शेजाऱ्यांना वाटे भांडण जुंपलं. मिलच्या बुनाई खात्यात, मागांच्या खडखडाटात उभा जन्म काढलेल्या माणसाला हळू बोलणं कुठून येणार? आपलं बोलणं त्यांना अर्धंच ऐकू येई, उरलेलं ते ओठांवरून वाचत. "भिया, मिशी कमी कर, समजून नाही राहिलं," असं मला तोंडावर सांगितलं होतं.

असा हा माणूस लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवी, आणि मी की-बोर्ड. महूच्या छावणीतल्या एका बँडवाल्याकडून ते तरुणपणी ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची दुःखाची गाणी, शिकले होते. "ब्लूज म्हणजे रडणं नाही रे, रडून झाल्यावर नाक पुसणं," ही त्यांची व्याख्या. ऑर्केस्ट्रात ते निमूट माझ्या सुरात वाजवत. घरी मात्र गिटारची जाड तार मिलच्या भोंग्याशी जुळवत, आणि भोंगा होता पाव सूर खाली.

मग मिल बंद पडली. भोंगा गेला, पण काकांची तार तिथंच लागायची. गेटवर सोबती धरणं धरून बसले होते, तेव्हा काका वरातीत नाचाची गाणी वाजवत होते. ते त्यांना आतून खात होतं. त्यावर त्यांनी सहा गाणी रचली. कॅसेट काढून एकेका सोबत्याच्या घरी स्वतः नेऊन द्यायची ठरवली. "तोंडानं माफी मागायला गेलो तर त्यांना झगडा वाटेल," म्हणाले.

मल्हारगंजातल्या छोट्या स्टुडिओत बसलो, तर माझा की-बोर्ड आणि भोंग्याला लावलेली त्यांची गिटार जुळेचना. "काका, सूर उतरलाय. बरोबर करा ना, लोक हसतील," मी शहाणपणा केला. काकांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि तारा चढवल्या.

कॅसेट आमच्या घरी ऐकली. टेपला कान लावून त्यांनी सहाही गाणी ऐकली. "बढिया झालीय. पण हा वाजवणारा कोण आहे भिया? सज्जन वाटून राहिला. याला कशाची माफी पाहिजे?" मी "पुन्हा करू" म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. एकही कॅसेट कुणाच्या घरी गेली नाही.

काका गेले तेव्हा मिलचे सोबती स्मशानात आले होते. त्यांतले एक म्हातारे मला म्हणाले, "धरण्यावर नाही आला, चालतं. पेट सगळ्यांनाच आहे. पण नंतर एक शब्द नाही बोलला, भिया."

स्टुडिओत त्या दिवशी की-बोर्ड बंद ठेवायला माझं काय जात होतं?