आत्या बांधावरून पडली त्या दिवशी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. आईपाशीही नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते मला नीटसं कळत नाही — पण सांगतो.

माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, टाकव्याला आमच्याकडेच असायची. एका आजारात ती अंथरुणाला खिळली आणि उठली ती तोल हरवूनच. भातलावणीला बायांच्या ओळीत पहिलं गाणं उचलायची ती. आता भिंत धरल्याशिवाय न्हाणीपर्यंत जाता येईना. "औंदा तेवढं खाचरात उभं कर रं मला," म्हणायची.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लोणावळ्याच्या एका व्यायामशिक्षकांना विचारून आलो. चौकट धरून एका पायावर उभं राहायचं. जमलं की टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालायचं. "आधार काढाल तो सांगून काढा," ते म्हणाले होते.

शेजारची सखू हसायची. "काय वं आत्याबाई, बगळा झालात व्हय या वयात?"

"मासा घावला तर तुलाबी दीन की," आत्या म्हणायची — एका पायावरूनच.

उन्हाळा सरत आला तसे आम्ही खाचराच्या बांधावर आलो. ती पुढं, नजर समोर. मी मागून तिच्या कमरेचा पदर धरलेला.

त्या संध्याकाळी कॉलेजातली काही मुलं सायकलींवरून आमच्या रस्त्याला आली. मला हाक मारली. मी अनवाणी, मुठीत म्हातारीचा पदर — कसं सांगू? — मला लाज वाटली. कुणाची? तिची? घराची? बांध नुकताच सुरू झाला होता. मी पदर सोडला, हात खिशात घातले.

"धरलंस न्हवं रं?" तिनं न वळता विचारलं.

"व्हय आत्या, धरलंय."

ती चालत राहिली. मी तिथंच उभा, मुलांशी बोलत, हसत. मग ढेकळांत धपकन आवाज आला.

मनगटाची सूज उतरली. पण ती पुन्हा बांधावर आली नाही. वडील माझ्यावर ओरडले, तेव्हा तिनंच त्यांना गप्प केलं. "पोरानं धरलंतं की. धरूनबी पडले, म्हंजी पायातच काय ऱ्हायलं न्हाई." मी ऐकत होतो. तोंड उघडायला काय लागलं असतं? लावणी आली, बायांची ओळ उभी राहिली. ती पडवीत बसून होती. पुढं कित्येक वर्षं बसूनच होती.

आणि खरं सांगायचं ते हे — ती पडली बांधाच्या पलीकडच्या टोकाशी. जवळजवळ सगळा बांध ती एकटी चालली होती. कुणी न धरता. हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तिला सांगितलं नाही. ती गेली, तेव्हाही तिला वाटत होतं की दोष तिच्या पायांचा होता.