नोटिसबोर्डापाशी थांबणारे मामा

"चप्पल काढा, पाय सैल सोडा, अन् बोलू नका."

आमच्या संशोधन विभागात आलेल्या प्रत्येक पेशंटचं स्वागत मामा असं करायचे. मग पावलावर दोन बोटं ठेवून डोळे मिटायचे आणि एका शब्दात निकाल द्यायचे: "हाय" किंवा "नाय". मशीन नंतर अर्धा तास खाऊन तेच सांगायचं.

मामा कंत्राटी अटेंडंट. पायाच्या रक्तवाहिन्या कशा तुंबतात आणि कोणता उपचार टिकतो, यावर डॉक्टरसाहेबांचा अभ्यास चालला होता. मी त्याचे फॉर्म भरायचे. पायाची नाडी बघायला मला शिकवलं ते मात्र मामांनी. मी जोर लावला की खेकसायचे, "दाबू नका हो एवढं! आपल्याच बोटाची नाडी लागती, अन् वाटतं पेशंटची हाय."

जीभ तिखट. वैजापूरचा एक बडा बागायतदार खिशातलं बिडीचं बंडल लपवायला लागला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या शेठ. तुमच्या पायानं समदं सांगितलंय."

तुम्ही आमच्या इमारतीत कधी आला असाल, तर तुम्हालाही ते दिसले असतील. लांबलचक कॉरिडॉर, मधोमध नोटिसबोर्ड, आणि त्यासमोर काखेत फायली धरून उभे असलेले मामा. जाताना थांबायचे, येताना थांबायचे. "वाचून वाचून कलेक्टर होणार तुम्ही," असं मी चिडवायचे.

"वाचाय पायजे मॅडम. जग कुठं चाललंय ते कळतं."

त्या बोर्डावर सगळ्या नोटिसा इंग्रजीत असायच्या. मामा चौथी शिकलेले.

माझ्या फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न होता: किती चालल्यावर पोटरी दुखून थांबावं लागतं? तो मी येईल त्याला विचारला. रोज माझ्या डोळ्यांदेखत थांबणाऱ्या माणसाला विचारला नाही. याची मला लाज वाटते आणि रागही येतो, माझा आणि आम्हा सगळ्या शहाण्यांचा.

मामांच्या पायाचा अंगठा काळा पडला तेव्हा कुठे आम्हाला कळलं. डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. "आधी सांगायला काय झालं होतं?" असं डॉक्टरसाहेब मामांवरच चिडले. कंत्राटदाराने आठवड्यात दुसरा माणूस पाठवला. पुढे आमचा अभ्यास छापून आला. त्यात माझंसुद्धा नाव आहे, मामांचं नाही. तो आता त्याच बोर्डावर लावलाय.

मामा वारले त्याच्या महिनाभर आधी मी गारखेड्यात त्यांच्या खोलीवर गेले होते. खाटेवर बसून होते.

"मामा, तुम्हाला कळलं कसं नाही?"

"कळलं नाय कसं? रोज मोजा चढवायच्या आधी बोट ठिवून बघायचो. वरीसभर नायच हुती."

"मग बोलला का नाहीत?"

"लंगडा अटेंडंट कोण ठिवतंय? अन् मॅडम, तुमी तरी कुठं इचारलं?"

त्यांनी उरलेला पाय पुढे केला. "ह्यो बघा जरा. मला आता वाकता येत नाय."

मी दोन बोटं ठेवली, डोळे मिटले. काहीच लागेना. थोडं दाबलं. आणखी दाबलं. शेवटी ठोका लागला.

"हाय," मी म्हणाले.

डोळे उघडले तर मामा माझ्या बोटांकडे बघत होते.

"ती तुमची हाय, मॅडम."