मार खाणारी फरशी

मुलीच्या कपाळाला टाके पडले होते आणि मुलाचे आजोबा हसत होते.

प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो होतो. सीनियर केजीतल्या यशराजने शेजारच्या इराला स्टीलची पाण्याची बाटली फेकून मारली होती. इराचे वडील हिंजवडीच्या ऑफिसातून तसेच धावत आले होते, गळ्यात आयडी कार्ड. समोर यशराजचे आजोबा, आण्णा. महाळुंग्याचे जुने शेतकरी. भातखाचरं बिल्डरला दिल्यापासून ते पूर्णवेळ नातू सांभाळत.

"पोरगं तापट हाय," आण्णा म्हणाले. "आमच्यात समदेच तसं हायेत. रक्तच गरम."

मुलगा बोर्डात आला हे लोक ज्या सुरात सांगतात, तोच सूर.

"दिवाळीपर्यंत बघू," प्रिन्सिपल म्हणाले. "परत कुणाला लागलं तर नाव काढावं लागेल. तोवर आपल्या मॅडम आहेतच."

मॅडम म्हणजे मी. नाव काढण्याचा विषय निघाला तसं आण्णांचं हसू मावळलं. आधीच्या प्लेग्रुपनेही यशराजला असंच घरी पाठवलं होतं. पाचव्या वर्षी दुसऱ्यांदा हाकलला गेलेला मुलगा तिसऱ्या शाळेत काय म्हणून जातो, हे मला माहीत होतं. तो तिथे गुंड म्हणूनच पाऊल टाकतो, आणि मग त्याचा तो लौकिक राखतो.

ही २००५-०६ ची गोष्ट. तेव्हा बावधनच्या नव्या शाळांत काउन्सेलर असणं हे स्विमिंग पूल असण्यासारखं होतं. ब्रोशरमध्ये छान दिसायचं. माझी केबिन म्हणजे स्पोर्ट्सच्या सामानाची खोली. कॅरमबोर्ड बाजूला सरकवून मी मुलांशी बोलायची. पालकांची समजूत अशी की मी वेड्यांची डॉक्टर. स्टाफची समजूत अशी की मला काही कामच नसतं. मी वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसले, तेव्हा दुसरी समजूत पक्की झाली.

आमच्या धंद्यात 'ट्रिगर' असा एक शब्द आहे. राग पेटवणारी काडी. राग दिसतो सगळ्यांना, काडी शोधावी लागते.

"काही कारणच नसतं हो, उगाच मारतो," वर्गाच्या टीचर म्हणाल्या. मोठ्यांना कारण दिसलं नाही की ते नसतंच.

कारण होतं. यशराजला आधी स्वतःला लागायचं. बाकाचा कोपरा लागायचा, कुणाचं कोपर लागायचं. तरी तो लगेच मारायचा नाही. आधी टीचरकडे बघायचा, कशाची तरी वाट बघत असल्यासारखा. टीचर लांबूनच म्हणायच्या, "इट्स ओके, गेट अप." मग तो जे हाताशी येईल त्याला हाणायचा. बाक असेल तर बाकाला, माणूस असेल तर माणसाला. इराच्या दप्तराला अडखळून तो पडला होता. दप्तर तिचं, म्हणून मार तिला. त्याच्या दृष्टीने प्रकरण निकाली निघालं होतं.

तो नेमकी कशाची वाट बघतो, ते मला त्याच्या घरी गेल्यावर कळलं.

नवा बंगला. हॉलभर इटालियन मार्बल, इतका गुळगुळीत की मी भिंतीच्या कडेकडेने सोफा गाठला. यशराजच्या आईने चहा आणून ठेवला आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तेवढ्यात यशराज धावत आला आणि सपशेल आडवा झाला.

आजी आतून पळत आली. "हात् मेली फरशी! माझ्या राजाला पाडती व्हय?" आणि फरशीला चापट्या. सोफ्यावरच्या काकाने उठून टीपॉयला लाथ घातली. टीपॉयचा तर संबंधही नव्हता. आण्णांनी बसल्या जागेवरून काठी आपटली. यशराज उभा राहून हे सगळं समाधानाने बघत होता. शेवटी त्याने स्वतः फरशीला एक लाथ घातली आणि तो खेळायला गेला. रडला नाही. कुठे लागलं, हे कुणी विचारलंही नाही. गावातली सगळ्यात महाग फरशी रोज मार खात होती.

आता यात नवीन ते काय? आपण सगळे असेच वाढलो. मूल पडलं की जमिनीला मारायचं, मूल हसलं की आपण चहा प्यायला मोकळे. बहुतेक मुलं पुढे ते विसरतात. पण घरात पडणारा एक आणि मारायला सगळी फौज असली, की मूल कायदा शिकतं. मला लागलं म्हणजे कुणीतरी गुन्हेगार आहे आणि त्याला ताबडतोब शिक्षा व्हायला हवी. शाळेत फौज नव्हती. म्हणून शिक्षा द्यायचं काम पोराने स्वतःकडे घेतलं.

"आण्णा, फरशीला मारणं बंद करा," मी म्हटलं.

"तिला काय जीव हाय व्हय?"

"मग मारता कशाला?"

"पोराचं मन राखाया."

"त्या मनापायी इराला टाके पडले."

आण्णांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आमी काय करायचं, सांगा."

मी सांगितलं. तो पडला की कशालाही मारायचं नाही. जवळ बसायचं, कुठं लागलं विचारायचं, फुंकर घालायची. त्याला शब्द द्यायचे: दुखतंय, राग आलाय.

"एवढंच? गोळी-बिळी न्हाई?"

"नाही."

गोळी नाही म्हटल्यावर माझ्यावरचा उरलासुरला विश्वासही उडाला.

बदल सुरू झाला की वागणं आधी बिघडतं, असं आमच्या पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ लिहिणारा महाळुंग्याला आला नव्हता. फरशीला मारा म्हणून यशराज घर डोक्यावर घ्यायचा. आजी पदराआडून गुपचूप दोन चापट्या देऊन टाकायची. काकाने तर कमाल केली. मारायचं नसतं हे शिकवायला त्याने पोराच्या मुस्काटात लावली आणि मला अभिमानाने फोन केला, "मॅडम, एकदम नीट समजावलं त्याला."

शाळेतही हेच करायला सांगितल्यावर टीचर वैतागल्या. "एवढ्या पोरांत मी कुणाकुणाला फुंकर घालू?"

"फक्त यशराजला घाला. टाके घालण्यापेक्षा सोपं आहे."

त्या माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. फुंकर मात्र घालत राहिल्या.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. वर्गात जमिनीवर बसून आकाशकंदील करणं चाललं होतं, सगळीकडे खळ आणि घोटीव कागद. इरा कागद घ्यायला उठली आणि तिचा बूट यशराजच्या बोटांवर पडला. शेजारची मुलं मागे सरकली. मी दारात उभी होते. संपलं, असं वाटलं मला.

यशराजची मूठ वळली. त्याने टीचरकडे बघितलं. टीचर हातातली कात्री टाकून आल्या, त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या. "कुठं लागलं, दाखव."

त्याने बोटं पुढे केली. "हितं. लई दुखतंय. राग आलाय मला." आणि त्याने जे भोकाड पसरलं, ते गेटवरच्या वॉचमनपर्यंत गेलं. इराने चार हात लांबून सॉरी म्हटलं. मुलगी हुशार होती.

यशराजचं नाव शाळेत राहिलं. प्रिन्सिपलनी पालकसभेत हे सगळं शाळेच्या संस्कारांचं यश म्हणून सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या.

सुट्टीनंतर आण्णा सुनेला घेऊन माझ्या खोलीत आले.

"मॅडम, मारत न्हाई आता, खरं हाय. पन रडतंय की वो! आमच्यात गडी रडत न्हाईत. शाळंत असंच ऱ्हाऊ द्या. घरी तेवढं पैल्यासारखं करता येतंय का बघा."

माझ्या जिभेवर चांगलं तिखट उत्तर आलं होतं. ते द्यायची वेळच आली नाही. तोवर माझ्यासमोर एक शब्दही न बोललेली यशराजची आई खाली बघत म्हणाली, "नगं आण्णा. रडू द्या त्याला."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"रोज मला मारायचा त्यो. चावायचा. तुमी समदे हसायचा." तिचा आवाज चढला नव्हता. मनगटावर दातांचे जुने व्रण होते. "आता न्हाई मारत."

आण्णा काठी टेकत उठले आणि बाहेर गेले. 'घरी पैल्यासारखं' हा विषय त्यांनी परत काढला नाही.

तेव्हापासून अशी केस आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, घरी कुणाला मारतो का? "छे छे, कुणालाच नाही," हे उत्तरही ठरलेलं. उत्तर देणारे बहुधा वडील किंवा आजोबा असतात. त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी आईच्या हातांकडे बघून घेते.