नोरा आंटीचा न मळायचा ब्रेड

मिल्ड्रेडच्या हातात पीठ पडलं की त्याची सुटका नसे. मळायचं, चोळायचं, झाकून ठेवायचं, पुन्हा मळायचं. वसईची ही सवय ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला येऊनही सुटली नव्हती.

लॉकडाऊनमध्ये शेजारच्या नोरा आंटीचं मनगट मोडलं. नवऱ्याच्या, शॉनच्या, पुण्यतिथीला ती दरवर्षी आपल्या आजीच्या पद्धतीचा आयरिश सोडा ब्रेड भाजायची. यंदा हात प्लास्टरमध्ये, लेक पर्थला अडकलेली. "मी करते ना!" मिल्ड्रेड कुंपणावरून बोलून गेली.

मैदा, मीठ, सोडा, ताक. बस्स. ताक मिल्ड्रेडने घरीच घुसळलं. "पण मळायचं नाही हं, लव्ह," आंटीने बजावलं. "नुसता गोळा कर, सुरीने वर क्रूस काढ आणि लगेच ओव्हनमध्ये ढकल."

मिल्ड्रेडला वाटलं, म्हातारी कंटाळा करते. न मळता कधी काही चांगलं झालंय? पुण्यतिथीच्या सकाळी तिने पीठ लोण्यासारखं मळलं, ओल्या फडक्याखाली मुरत ठेवलं आणि निवांत प्रार्थना करून आली.

ओव्हनमधून निघालेला ब्रेड तिच्या नवऱ्याने, व्हॅलेंटाइनने, टेबलावर आपटून पाहिला. "जन्म पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात गेला माझा, पण असा माल नाही पाहिला."

"आपटू नकोस! क्रूस आहे त्याच्यावर."

"म्हणूनच वाटतंय, पुरून टाकावा."

दुकानातली शेल्फं रिकामी, घरात मैदा आता एकाच ब्रेडपुरता. मिल्ड्रेडने पुन्हा पिठात हात घातले आणि बोटं आपोआप मळायला लागली.

"मिल्ड्रेड!"

"अरे, मी नाही करत, होतंय ते!"

शेवटी व्हॅलेंटाइनने तिचा डावा हात धुतला, पुसला आणि त्यात रोजरीची माळ दिली. "आता मळ, काय मळायचं ते." पिठाचा हात रोजरीला आणि रोजरीचा हात पिठाला लावायची तिची काय बिशाद! एक 'नमो मरिया' होईतो एका हाताने कसाबसा गोळा झाला. क्रूस ओढला, गोळा आत, ओव्हनचं दार बंद.

"गवंड्याने थापल्यासारखा दिसतोय," ती पुटपुटली.

दुपारी नोरा आंटीने कुंपणापाशी मास्क खाली ओढून एक तुकडा तोंडात टाकला. चावत राहिली. मिल्ड्रेडचा जीव टांगणीला.

"मधे जरा कच्चा राहिलाय," आंटी म्हणाली.

मिल्ड्रेडचा चेहराच पडला.

"माझाही राहायचा. शॉन बिचारा जन्मभर मुकाट खात होता." आंटीने डोळे पुसले आणि दुसऱ्या तुकड्यासाठी प्लास्टरचाच हात पुढे केला. "बटर लाव. जास्त लाव."