ज्यांना पाहण्याची परवानगी आहे

आरतीचे दात पुढे आहेत, हे अकोल्याच्या त्या घरात चार वर्षांपूर्वी ठरलं. त्याआधी ते नुसते दात होते. तेल्हाऱ्याच्या स्थळाने नकार कळवला आणि तिचा थोरला भाऊ किशोर जेवता जेवता म्हणाला, "पोरगी चांगली हाये म्हने, पन दात पुढं हायेत." त्या दिवसापासून आरती हसताना तोंडावर हात धरू लागली. पुढे कोणाला तिचा रंग पसंत पडला नाही, कोणाला वय जास्त वाटलं. अकरा स्थळं झाली. छत्तिसाव्या वर्षी ती फोटोत मागच्या रांगेत उभी राहायची आणि मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवायची.

पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरूनच करायची. माणसाच्या वतीने कॉम्प्युटरवरची कामं उरकणारे एआय एजंट असतात. त्यांना दिलेली साधनं कशी वापरायची, याची माहितीपत्रं ती लिहायची. सध्या जे साधन हाताशी होतं, ते क्लाउडवर ठेवलेल्या फायलींची माहिती द्यायचं. फाइल न उघडताच ती कोणाची, कधी बनवली, शेवटचा बदल कधी झाला आणि पाहण्याची परवानगी कोणाकोणाला आहे, एवढं सांगायचं. हे सगळं इतकं स्वच्छ लिहावं लागे की एजंटाला अंदाज बांधायला जागाच उरू नये. माहिती नसली की तो मनाने कारणं रचतो, आणि सांगतो अशा ठसक्यात की ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही.

या कामाच्या मधल्या फटींत ती आईला कुशीवर वळवायची, पुसायची, पॉट द्यायची. पार्बताबाई पाच वर्षांपूर्वी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती पलंगावरच होती.

बारावं स्थळ चांदूर बाजारचं होतं. देवमन तिथे शाळेत शिकवायचा. अमरावतीच्या एका लग्नात त्याने पंगतीत आरतीला दोनदा मठ्ठा वाढला होता, आणि दुसऱ्यांदा "पुरे" म्हणताना ती तोंडावर हात धरायला विसरली होती. एवढ्यावर ती महिनाभर जगत होती. किशोर म्हणाला होता, "बायोडाट्याची लिंक पाठवली. रविवारपर्यंत कळवतो म्हनले."

गुरुवारी पुण्याहून निरोप आला: परवानगीची यादी भरलेली असताना साधन काय उत्तर देतं आणि रिकामी असताना काय, दोन्हींची खरी उदाहरणं हवीत. कंपनीच्या फायली वापरायला मनाई होती. किशोरचं खातं मात्र तिच्याच लॅपटॉपवर असायचं. त्याचा विमा, सातबारा सगळं तीच चढवून द्यायची. भरलेल्या यादीसाठी तिने आपलाच बायोडाटा निवडला. बारा घरी गेलेली दुसरी कुठली फाइल या घरात होती?

साधनाने उत्तर दिलं. मालक किशोर. बनवली चार वर्षांपूर्वी. शेवटचा बदल त्याच दिवशी. परवानगीची यादी रिकामी, मालकाशिवाय कोणालाच नाही. लिंक कधी तयारच केली नव्हती.

आपलंच काही चुकलं असं वाटून तिने पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. दर वर्षी "वय बदलून दिलं, नवा फोटो टाकला" म्हणणाऱ्या किशोरने त्या फायलीला पुन्हा हात लावला नव्हता.

स्थळं सुचवणाऱ्या बुधाजीमामांना तिने फोन लावला.

"अवं बाई, चांदूर बाजारवाल्यांचं तं परवा तिवस्याच्या पोरीसंग जमलं. मी किशोरले तीनदा फोटो मांगतला. तो म्हने, आरतीले लग्नच नाई करायचं, मायले सोडून जात नाई म्हनते. मी घरोघरी सांगतो, पोरगी असावी तं अशी."

"तेल्हाऱ्याले तरी गेला होता का फोटो?"

"कोनालेच नाई गेला, बाई. काहून?"

पार्बताबाई उशीला टेकून लसूण सोलत होती.

"आई, माझा फोटो कोनीच नाई पाह्यला?"

"नाई."

"मंग दाताचं?"

"ते मी सांगतलं. किशोरले काही सुचूनच नाई राह्यलं होतं. रंगाचं तुया वहिनीनं, चंदानं काढलं." म्हातारीने पाकळीवरचं साल फुंकरून उडवलं. "तू गेली तं मले कोन उचलन? तुयी वहिनी? मले गूमुतात मरू देईन ते. आन खोटं काय सांगतलं? आरशात पाहून घे."

आरतीला सगळं कळलं, हे संध्याकाळी आईने किशोरच्या कानावर घातलंच. तो जेवायला बसला, ताटातून मान वर न करता म्हणाला, "भाजीले मीठ कमी हाये." चंदाने मिठाची बरणी सरकवली.

रिकाम्या यादीचं उदाहरण आरतीने त्याच रात्री पुण्याला पाठवलं. खाली सूचना लिहिली: यादी रिकामी असेल तर तेवढंच सांगावं. आपल्या मनाचं कारण जोडू नये. पुण्याचा साहेब खूश झाला.

शुक्रवारी सकाळी आईने हाक मारली. "आरते, पॉट दे वं."

"मीटिंग हाये. वहिनीले सांगतो."

ती स्वयंपाकघरात गेली. चंदा मिक्सरवर चटणी वाटत होती. आरतीने माठातलं पाणी घेतलं, सावकाश प्यायली, पेला उपडा घातला आणि एक शब्द न बोलता परत आली.

"वहिनी नाई येत."

"काहून?"

आरतीने आईकडे नीट पाहिलं. म्हातारीच्या डोळ्यांत घाई होती.

"तुया अंगाले वास येते म्हने. पोरंही म्हनून या खोलीत येत नाईत म्हने."

"मले तं नाई येत."

"स्वतःले येत नसते."

मग तिने पॉट दिला, पुसलं, पावडर लावली, चादर बदलली, रोजच्याइतकंच नीट.  एकदा फक्त पार्बताबाईने पदराचं टोक नाकाशी नेलं आणि आरती पाहतेय असं दिसताच सोडून दिलं.

दुपारी चंदा चहा घेऊन आली. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. पार्बताबाईने नवी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"तिथंच ठेव," ती चंदाला म्हणाली, "दारापाशी."