चार फेऱ्या

दुपारचं जेवण उरकून मी सोफ्यावर जरा पाठ टेकते. उद्या टेम्पो येणार, हॉलमधलं पूल टेबल नेणार. आवरून आवरून जीव नकोसा झालाय. डोळा लागतो न लागतो तोच टेबलावर चेंडू घरंगळल्याचा आवाज येतो.

हे उभे आहेत. हे म्हणजे माझा नवरा. जाऊन दहा महिने झाले. अंगात घरातलाच बनियन.

"तुम्ही कसे काय?"

"रविवार आहे ना. वेग मोजायचाय."

अलिबागची हवा दमट. टेबलावरचं हिरवं कापड ओल धरतं, टेबल मंद होतं. म्हणून दर रविवारी हे एकच फटका मारायचे आणि चेंडू या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या घेतो ते मोजायचे. चार झाल्या की स्वारी खूश. मग यांच्या हातातली ताकद जायला लागली. दुखणं वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. फेऱ्या तीनवर आल्या तेव्हा यांचा चेहरा मला बघवेना.

टेबल लांब होत गेलंय. त्याचं दुसरं टोक हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आहे, आणि आम्ही दोघं तिथल्या बाकावर नंबरची वाट बघतोय. भिंतींनाही तेच हिरवं कापड आहे.

"मी दीड वर्षं तुम्हाला फसवलं," मी म्हणते. "रविवारी तुम्ही दाढी-आंघोळीत असताना कापडावरून कोमट इस्त्री फिरवायचे. क्लबात टेबलांची देखभाल करणाऱ्या मार्करनं शिकवलं होतं. कापड कोरडं झालं की चेंडू जास्त पळतो. तुमचा हात जसा जात चालला, तशी मी इस्त्री जास्त वेळ फिरवायला लागले. चार भराव्यात म्हणून."

हे बनियनच्या टोकानं चेंडू पुसत बसतात. मला त्याचाच राग येतो.

"बोला की काहीतरी. हात बरा आहे असं समजून गेलात तुम्ही. ते मला खातंय."

"हातावर कोण भरवसा ठेवतं, कुमुद?"

आता आम्ही ओल्या वाळूत उभे आहोत, टेबल पाण्याच्या कडेला. हे पडद्याच्या दांडीची ॲल्युमिनियमची पन्हळ एका पुस्तकावर तिरकी टेकवतात आणि वरून चेंडू सोडतात.

"याला ताकद लागत नाही. दर वेळी सारखाच सुटतो. जिथं थांबेल तो टेबलाचा खरा वेग."

चेंडू थांबतो. हे वाकून टेबलाच्या लाकडी कडेला खालच्या अंगानं पेन्सिलची खूण करतात.

"हे कधी करायचात?"

"संध्याकाळी तू भजनाला गेलीस की." मग म्हणतात, "दमलीयेस. पड जरा."

फोन वाजतो. टेम्पोवाला. नऊला येतो म्हणतो.

स्वप्नात माणूस आपल्याला हवं तेच ऐकतो, एवढं मला कळतं. तरी गुडघे धरत फरशीवर बसते आणि मोबाइलचा टॉर्च कडेखाली धरते.

पेन्सिलच्या रेघा आहेत. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपेक्षा बोट-दोन बोटं पुढे. प्रत्येकीपाशी रविवारची तारीख, यांच्या वाकड्या होत गेलेल्या अक्षरात. पहिल्या तीन तारखा नुसत्या आहेत. चौथीपासून पुढे प्रत्येक तारखेखाली एकच शब्द लिहिलाय, 'इस्त्री'. शेवटच्या तारखेला हात इतका हललाय की शब्द पुरा झालेला नाही. नुसता 'इ' आहे.