कुकरमधली डाळिंबं

डॉक्टरांनी बॅटरी बंद केली, हातमोजे काढले आणि म्हणाले, "ग्रोथ आहे. डाव्या गालाच्या आत."

मी सातवी पास. पोरीच्या बालवाडीतल्या बाई येता-जाता म्हणायच्या, "हिची ग्रोथ छान आहे हं." म्हणजे ग्रोथ म्हणजे वाढ, आणि वाढ म्हणजे चांगलं. एवढ्या इंग्रजीवर माझा संसार झकास चालला होता. खुर्चीतून उतरता उतरता सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनला गं डाक्टर?" मी छाती पुढं काढून सांगितलं, "वाढ चांगली हाय म्हणत्यात, आत्याबाई."

माझे मालक मागं उभे होते. त्यांनी भिंतीला हात टेकला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तोही मिणमिणताच.

आमच्या साताऱ्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. ह्या माझ्या आत्याबाई गावची जमीन दिराच्या हवाली करून आमच्याकडं कोपरखैरण्याला राहायला आल्या होत्या. हे एपीएमसीच्या फळबाजारात माथाडी होते, दिवसभर पाठीवर पेट्या वाहायचे. ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. आता मी स्वतः आजी आहे आणि माझ्या सुना मला हसतात, तेव्हा वाटतं, बायांनो, तुम्ही ती तरणी शालन बघायला हवी होती. हसून हसून पोट दुखलं असतं तुमचं.

आत्याबाईंना मिश्रीची सवय. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि तिनं दात घासायचे. आमच्या गावच्या निम्म्या बाया हेच करत. आत्याबाई घासून झाल्यावर चिमूटभर डाव्या गालात ठेवून द्यायच्या आणि कामाला लागायच्या. तिथंच आधी साय बसल्यासारखा पांढरा चट्टा आला. डॉक्टरांनी त्याला ल्युकोप्लेकिया म्हटलं. हा चट्टा दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतं. मग तिखट झोंबायला लागलं. मग त्या एकाच बाजूनं चावायला लागल्या. मला वाटलं, माझ्या कालवणाला नावं ठेवायची ही नवी तऱ्हा. तुमच्या घरात कुणाच्या तोंडात असा चट्टा असेल आणि पंधरवड्यात जात नसेल, तर भांडत बसू नका. डॉक्टरला तोंड दाखवा.

मग बायोप्सी झाली. म्हणजे दुखऱ्या जागेचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवतात. निकाल येईपर्यंत आम्ही घरात कॅन्सर हा शब्द उच्चारला नाही. जणू तो दाराबाहेर उभा होता आणि आपलं नाव ऐकून आत आला असता.

तो आत आलाच. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की जबड्याच्या हाडापर्यंत गेलाय, हृदय अशक्त आहे, ऑपरेशन झेपणार नाही. रेडिएशन देऊ. रेडिएशन म्हणजे मशीनखाली झोपवून दुखऱ्या जागेवर किरणं सोडतात. वेटिंग रूममधल्या बाया त्याला 'लाइट देणं' म्हणायच्या.

"पण आजी, खाणं सुटता कामा नये," डॉक्टर म्हणाले. "तोंड सोलवटेल. वजन उतरलं तर राइल्स ट्यूब घालावी लागेल."

"म्हंजी काय?"

"नाकातून पोटात नळी. तिच्यातून जेवण."

"नाकातनं जेवाया म्या काय हत्ती हाय व्हय?" आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले, नर्स हसली. आत्याबाई मात्र हसत नव्हत्या. बाहेर आल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण चुकल्यावर टपली मारण्याखेरीज त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. "शालन, लाइट देऊ दे, सुया टोचू दे. पर नळी लागू दिऊ नगंस. तोंडानं खाईन तवर मी मानूस हाय."

मी म्हणाले, "न्हाई लागू द्यायची."

बोलायला माझ्या बापाचं काय जात होतं! पण त्या दिवसापासून माझं एकच काम ठरलं. त्यांच्या तोंडातून काहीतरी पोटात गेलं पाहिजे.

त्याच दिवशी आम्हाला डाएटिशियनकडं पाठवलं. म्हणजे पथ्यपाणी सांगणाऱ्या बाई. चष्मा, कडक इस्त्रीची साडी, बोलणं पुस्तकासारखं. त्या म्हणाल्या, "तिखट बंद. सगळं मऊ. आणि ताकद पाहिजे, तर डाळिंब्या द्या. कुकरला मऊ शिजवायच्या, घोटायच्या, गाळून पातळ करायच्या, वरून साजूक तूप. रोज द्या."

मी मान डोलावली. मला वाटलं, शिकलेल्या बाया डाळिंबाला लाडानं डाळिंबी म्हणत असतील. डाळिंबानं रक्त वाढतं हे तर आमच्या गावची शेळीसुद्धा सांगेल. फक्त शिजवायचं का, ते कळेना. पण मोठ्या हॉस्पिटलातल्या बाईंना उलट विचारायचं म्हणजे काय! मालक म्हणाले, "सांगितलंय तसं कर." डाळिंबांची काय कमी? फळबाजारात काम करणाऱ्याच्या घरात डाळिंब येणारच. तेव्हा आजच्यासारखं लालभडक डाळिंब फारसं नसायचं. गणेश जात असायची. साल पिवळट, दाणा फिका गुलाबी, बी मऊ. पेटीत दबलेली, साल तडकलेली फळं हे आणायचे. बाजारात ह्यांचे सोबती विचारायचे, "काय रं, बायको डाळिंबाचं लोणचं घालतीया का?" हे म्हणायचे, "शिजवतीया." मग सगळे माथाडी हसायचे.

मी खरंच शिजवत होते. दाणे सोलून, कुकरला तीन शिट्ट्या. झाकण काढलं की आत राखाडी रंगाचा लगदा, बघवत नव्हता. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी वाटीत डोकावून विचारलं, "कुनी मेलंय का ह्यात?"

"डाक्टरनीबाईंनी सांगितलंय, आत्याबाई."

"मग मरू दे. आन हिकडं."

आणि त्यांनी खाल्लं. खरं सांगते, ते गिळण्यासारखंच नव्हतं. म्हणून मीच माझी अक्कल चालवायला लागले. शिजवणं कमी केलं, एकच वाफ. मग नुसते दाणे फडक्यात बांधून पिळले आणि तो रस तांदळाच्या गार पेजेत घातला, वर तुपातलं जिरं. ते त्यांना आवडलं. आंबटानं तोंड झोंबायचं, म्हणून प्रत्येक फळाचा एक दाणा आधी मी चाखायची. आंबट निघालं तर ते आमच्या कोशिंबिरीत, गोड निघालं तर त्यांच्या वाटीत. नाचणीच्या लापशीत रस, घुसळलेल्या दह्यात रस, सायभातात रस. माझी पोर शाळेतून आली की भांड्याला लागलेलं बोटानं चाटायची. दुखण्याच्या घरात एका वासानं बरं वाटावं, असा त्या रसाचा वास होता. आत्याबाई ओट्याशेजारी पाटावर बसून सोललेली साल नाकाशी धरायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्या हाताला चव यायला मला क्यान्सर व्हावा लागला बग."

मी म्हणायचे, "आधी कळवायचं हुतं की."

आम्ही दोघी हसायचो. त्यांना हसताना दुखायचं. गालाला हात लावून त्या हसायच्या. सासू-सून म्हणून आम्ही ज्या चार गोष्टी प्रेमानं बोललो, त्या सगळ्या त्या ओट्याशेजारी.

रेडिएशन पुढं सरकलं तसं तोंड सोलवटलं. म्युकोसायटिस. तोंडाच्या आतली नाजूक साल निघते आणि पाणीसुद्धा निखाऱ्यासारखं लागतं. दर आठवड्याला वजनकाट्यावर उभं करायचे. काटा मागं सरकायचा. आत्याबाई पदराला किल्ल्यांचा जुडगा बांधून काट्यावर उभ्या राहायला लागल्या. नर्सनं पकडलं. "आजी, किल्ल्या काढा." त्या म्हणाल्या, "घर कुनावर सोडू?"

मग एकदा डाएटिशियन बाईंनी परत बोलावलं. "डाळिंब्या देताय ना?"

"रोज."

"वाल कुठून आणता? चांगले मोड येतात?"

"कसले वाल?"

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी त्यांच्याकडं. "अहो, डाळिंब्या. मोड आणून सोललेले वाल."

आमच्याकडं पावटा असतो. वाल सोलून त्यांना डाळिंब्या म्हणायची रीत मला कुणी सांगितली होती? मी म्हणाले, "मी तर डाळिंब देतीया. कुकरला लावून."

बाईंनी चष्मा काढला. आधी त्या हसल्या, अगदी पोट धरून, आणि मग त्यांचे डोळे भरले. शेजारी आत्याबाई गाल धरून डुलत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. तोंडातून शब्द नीट येत नव्हते, तरी त्या म्हणाल्याच, "आगं बया! मला वाटलं, ह्या शहरात समदीच शिजवत्यात!"

माझ्या हसण्याचं रडणं कधी झालं, मला कळलं नाही. ताकद भरायला सांगितलेली वस्तू मी दिलीच नव्हती. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "असं नका करू. ह्या टप्प्यावर खूप जणांना पाणीसुद्धा जात नाही. यांनी आतापर्यंत तोंडानं खाल्लं, ते ज्याची गोडी लागली त्यामुळे." मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. वालानं काही हा आजार हटणार नव्हता.

तुमच्या घरी पथ्य सांगितलं, तर लाजू नका. परत विचारा. वस्तू दाखवून विचारा. शहाणपणाचा आव आणणाऱ्या माणसाचं काय होतं, ते तुम्ही वाचलंतच.

घरी येऊन मी वाल भिजवले, मोड आणले, एकेक सोलला, शिजवून घोटला. आत्याबाईंनी चमचाभर तोंडात घेतलं. वाल कडसर असतो. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग त्यांनी डाळिंबाच्या रसाची वाटी पुढं ओढली. तीसुद्धा झोंबली. चमचा खाली ठेवून त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या.

पुढच्या वजनाला काटा आणखी मागं गेला आणि नळी घातली. मी त्यांचा हात धरून बसले होते. नळी नाकात जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला सोसलं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, पेटी हातून पडलेल्या हमालाकडं मुकादम कधी कधी हलवतो तशी. असू दे, म्हणून.

लाइट पुरे झाले, पण गाठ थांबली नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या. पॅलिएटिव्ह केअर." म्हणजे बरं करण्याची धडपड थांबवायची आणि दुखणं कमी ठेवायचं. औषध नळीतून, जेवण नळीतून. तोंडातून काही नको, श्वासनलिकेत जाईल.

घरात डाळिंबं येणं मी बंद केलं. त्यांच्यासमोर कसं खायचं? दोन-तीन दिवसांनी दुपारी आत्याबाईंनी मुठीतून दाणे काढायची खूण केली. मी म्हणाले, "तुम्हाला द्यायचं न्हाई, आत्याबाई." त्यांनी कपाळाला हात लावला. बोट माझ्याकडं केलं. तू. मग जड जिभेनं म्हणाल्या, "तू खा. मी बगते."

मालकांनी डाळिंब आणलं. मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. एवढे महिने मी डाळिंब चाखलं होतं ते त्यांच्यासाठी, एकेक दाणा. मूठभर तोंडात टाकून कधी खाल्लं नव्हतं. टाकलं. त्या माझ्या जबड्याकडं टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "कसं लागतंय?"

त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी तोंड वाकडं केलं. "पांचट हाय. पान्यासारखं."

"खोटारडी," त्या म्हणाल्या. शब्द फुटला नाही, ओठांवरून कळला.

मग मी खरं सांगायला लागले. आधी गार लागतं. मग दाणा फुटतो आणि गोड पाणी जिभेखाली पळतं. मागून जरासा तुरटपणा येतो, कच्च्या पेरूसारखा. मऊ बी दाताखाली चुरतं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मी थांबले की बोट हलवायच्या. अजून सांग. मला एवढे शब्द येतात हे मला माहीत नव्हतं. रोज दुपारी हेच चालायचं. एक दिवस मी म्हणाले, "आज लई गोड हाय, आत्याबाई, उसाच्या रसावानी," आणि त्यांनी वाळलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. हळू, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. गिळल्यासारखा गळाही हलला.

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

मी त्यांना दिलेला शब्द पाळता आला नाही. नळी लागलीच. पण त्यांनी मला जेवायला शिकवलं. त्याआधी मी नुसतं पोट भरत होते. त्या मोठ्या डॉक्टरांचे, त्या चष्मेवाल्या बाईंचे, फुटकी फळं वेचून आणणाऱ्या माझ्या मालकांचे उपकार आहेतच. पण सगळ्यात जास्त उपकार त्या हट्टी बाईचे.

अजूनही मला डाळिंब एकटीनं खाता येत नाही. समोर कुणीतरी लागतं. परवा नात समोर बसली होती. मी पहिली मूठ तोंडात टाकली आणि म्हणाले, "बघ, आधी गार लागतं. मग..."

नात म्हणाली, "आजी, गप खा ना. मला पण दे."

मी तिच्या ओंजळीत दाणे ओतले आणि विचारलं, "सांग बरं. कसं लागतंय?"